ही भेट तुमची की खुर्चीची? नगरसेवकांवरच्या देखरेखीचा इतिहास

सहावीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवत होतो. धडा स्थानिक शासनाचा. नगरसेवक कोण, महापौर कोण, आयुक्त कोण आणि त्यांची कामे कोणती, हे फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "सर, आम्ही चुकलो तर तुम्ही ओरडता. तुम्ही चुकलात तर हेडमास्तर ओरडतात. नगरसेवक चुकला तर त्याला कोण ओरडतं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "पाच वर्षांनी मतदार" असे उत्तर देऊन मोकळा झालो. घरी येताना मात्र ते उत्तर मलाच पटेना. पाच वर्षांतून एकदाच ओरडणारा हेडमास्तर असता तर शाळेचे काय झाले असते?

तिचा प्रश्न साधा वाटतो, पण तो फार जुना आहे. लोकांच्या पैशाला ज्याचा हात लागतो, त्याच्या वागण्यावर नजर कोणी ठेवायची? चोरी केली तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. चोरी म्हणता येणार नाही, पण पटतही नाही, अशा गोष्टींचे काय? ठेकेदाराने ईदला पाठवलेला मिठाईचा डबा, मेव्हण्याच्या नावावर निघालेले गटाराचे काम, सभागृहातली शिवीगाळ, आपल्याच प्लॉटशेजारून जाणारा रस्ता मंजूर करताना वर केलेला हात. या सगळ्याला गुन्हा म्हणता येईलच असे नाही. पण ज्याला आपण 'अमानत' म्हणतो, तिच्यात ही खयानत आहे की नाही?

जकातीच्या वसुलीतली 'भेट'

या प्रश्नाचा एक जुना प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अज्द कबील्यातल्या एका माणसाला बनू सुलैम या टोळीकडून जकात गोळा करायला पाठवले. इब्न अल्-लुतबिय्या हे त्याचे नाव. काम संपवून तो मदिनेला परतला आणि त्याने आणलेल्या मालाचे दोन भाग केले. एक भाग बैतुलमालचा, म्हणजे सार्वजनिक खजिन्याचा. दुसरा भाग लोकांनी आपल्याला भेट म्हणून दिल्याचे त्याने सांगितले.

त्याने काहीही लपवले नव्हते. हिशेब उघड मांडला होता. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याने खोटी पावती फाडली नव्हती. तरीही प्रेषित मिंबरवर उभे राहिले आणि सगळ्या लोकांसमोर त्यांनी त्यावर सवाल केला. सवालाचा आशय असा, की हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी चालत त्याच्याकडे आल्या असत्या का?

भेट आणि लाच यांतला फरक ओळखायला याहून सोपी कसोटी माझ्या पाहण्यात नाही. देणारा हसतमुखाने देतो की कपाळाला आठ्या घालून, घेणाऱ्याने मागितले की नाही, काम नियमात बसत होते की नव्हते, हे काहीच विचारायची गरज पडत नाही. एकच विचारायचे. खुर्ची नसती तर हे मिळाले असते का?

या प्रसंगातल्या आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, प्रश्न चारचौघांत विचारला गेला, बंद खोलीत नाही. दोन, प्रश्न विचारणारा त्या माणसाचा सहकारी किंवा मिंधा नव्हता. पुढच्या चौदाशे वर्षांच्या इतिहासात या दोन गोष्टी जिथे सुटल्या, तिथे देखरेख लंगडी पडलेली दिसते.

हजरत उमर आणि कूफ्याची तक्रार

दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात राज्य इराक, शाम आणि मिसरपर्यंत पसरले. प्रांतोप्रांती अंमलदार नेमावे लागले. नेमणूक करताना त्या माणसाच्या मालमत्तेची यादी करून ठेवायची आणि पुढे मालमत्ता अवाच्या सवा वाढली तर त्याचे कारण विचारायचे, अशी त्यांची पद्धत असल्याचे जुन्या इतिहासकारांनी लिहिले आहे. शिबली नोमानींच्या 'अल्-फारूक' या उर्दू चरित्रात हा भाग विस्ताराने वाचायला मिळतो. मिसरचे अंमलदार अम्र इब्न अल्-आस यांनाही ही विचारणा झाली. शेती आणि व्यापारातून कमावले, असे त्यांचे उत्तर होते. पण हजरत उमर यांनी मुहम्मद इब्न मसलमा यांना पाठवून त्यांच्या मालाचा अर्धा हिस्सा बैतुलमालमध्ये जमा करवला. अंमलदारांची चौकशी हे या मुहम्मद इब्न मसलमांचे नेहमीचे काम होते. ज्याची चौकशी करायची, त्याच्या हाताखाली ते नव्हते.

पण मला सर्वात शिकण्यासारखा वाटतो तो कूफ्याचा किस्सा. कूफ्याचे अंमलदार साद इब्न अबी वक्कास हे थोर सहाबी आणि कादिसियाच्या लढाईचे विजेते. कूफ्याच्या लोकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारींचा पाढा वाचला. साद नमाजसुद्धा नीट पढवत नाहीत, इथपर्यंत तक्रार गेली. आता एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध इतकी क्षुल्लक तक्रार आली, तर आपण काय करू? एक तर तक्रार करणाऱ्याला हाकलून देऊ, नाही तर लोकांचा रोष नको म्हणून अंमलदाराला चोर ठरवू.

हजरत उमर यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी साद यांना समोरासमोर विचारले. साद यांनी आपण नमाज कशी पढवतो ते सांगितले आणि तुमच्याबद्दल माझा तसाच समज होता, असे उमर म्हणाले. तरीही प्रकरण तिथे मिटवले नाही. कूफ्याला माणसे धाडली आणि तिथल्या एकेका मशिदीत जाऊन उघड चौकशी करवली. सगळीकडे साद यांची तारीफ झाली. बनू अब्स टोळीच्या मशिदीत मात्र एक माणूस उठला आणि त्याने साद वाटणीत बरोबरी करत नाहीत, निवाड्यात न्याय करत नाहीत, असे आरोप केले. त्याला बोलू दिले गेले. साद यांना पदावरून दूर केले गेले, पण त्यांच्यावर बदनामीचा शिक्का बसू दिला नाही. पुढे मृत्युशय्येवर हजरत उमर यांनी नवा खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली, तिच्यात साद यांचे नाव घातले. आपण त्यांना नालायकीमुळे किंवा खयानतीमुळे काढले नव्हते, हेही स्पष्ट सांगितले.

तक्रार लहान म्हणून फेकली नाही, माणूस मोठा म्हणून दाबली नाही आणि चौकशी झाली म्हणून माणसाची अब्रूही घेतली नाही. या तीन गोष्टी एकाच वेळी साधणे किती अवघड असते, हे आधुनिक काळाचा इतिहास पाहिला की कळते.

पुढच्या शतकांत या कामासाठी वेगवेगळ्या जागा तयार झाल्या. मुहतसिब बाजारातली वजनमापे आणि भेसळ पाहायचा. सरकारी माणसाने केलेल्या जुलमाची दाद मात्र 'मजालिम' नावाच्या वेगळ्या दरबारात मागायची. अकराव्या शतकातल्या अल्-मावर्दींनी या दोन्हींचे नियम आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहेत. सामान्य माणसावर नजर ठेवणारा वेगळा आणि सत्ताधाऱ्याविरुद्धची फिर्याद ऐकणारा वेगळा, ही समज तेव्हाही होती.

अर्थात यातला कोणीही निवडून आलेला नव्हता. अंमलदार खलिफाचा, त्याला खलिफा काढू शकत होता. नगरसेवकाची गोष्ट वेगळी. त्याला लोकांनी बसवलेले असते. मग त्याला विचारणार कोण? हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा नीट उभा राहिला तो मुंबईत.

क्रॉफर्डसाहेब आणि १८८८ साल

१८६५च्या कायद्याने मुंबईचा कारभार म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणवणारे प्रतिष्ठित लोक नावाला वर होते. खरी सत्ता कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांची. गडी धडाडीचा. गटारे, रस्ते आणि बाजार यांची कामे त्याने झपाट्याने काढली. आजचे महात्मा फुले मंडई म्हणजे त्याच्याच नावाचे क्रॉफर्ड मार्केट. पण खर्चाला लगाम नव्हता. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर मुंबईची कापसाची तेजी कोसळली, करदाते आधीच पिचलेले होते. १८७१ साली करदात्यांची मोठी चळवळ उभी राहिली आणि क्रॉफर्ड यांना जावे लागले.

तेव्हा तरुण फिरोजशहा मेहतांनी गर्दीला न रुचणारी गोष्ट सांगितली. दोष एका कमिशनरचा नाही, त्याच्यावर लोकांच्या प्रतिनिधींची नजर नाही हा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. पुढे १८८८चा मुंबई महापालिका कायदा आला. सदस्य ७२ झाले आणि त्यांतले ३६ वॉर्डांतून निवडून येऊ लागले. त्याच साली महापालिकेचे अध्यक्ष होते रहिमतुल्ला सयानी, जे पुढे १८९६ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. म्हणजे या व्यवस्थेच्या पायाभरणीत मुसलमान पाहुणे म्हणून नव्हते, घरचे म्हणून होते.

थोडक्यात, नगरसेवक हा जन्माला आला तोच पहारेकरी म्हणून. आयुक्तावर नजर ठेवायची, हे त्याचे मूळ काम. मग पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

१८८८च्या कायद्याने याचे एक उत्तर दिले. महापालिकेच्या ठेक्यात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदाराच्या मार्फत, सरळ किंवा आडून, हिस्सा असेल तो नगरसेवक होऊ शकत नाही. हे तत्त्व इंग्लंडच्या नगरपालिका कायद्यांतून आले होते. इब्न अल्-लुतबिय्याला विचारलेला प्रश्नच हा, फक्त कायद्याच्या भाषेत.

योगायोग पाहा, त्याच १८८८ साली क्रॉफर्ड पुन्हा चर्चेत आले. आता ते पुण्यात मध्य विभागाचे कमिशनर होते. बढत्या आणि बदल्यांसाठी ते मामलेदारांकडून पैसे घेतात, असा आरोप झाला आणि चौकशी आयोग बसला. आयोगाने लाचखोरीचा ठपका ठेवला नाही. पण आपल्या अखत्यारीतल्या लोकांकडून पैसे उसने घेतल्याबद्दल त्यांना दोषी धरले गेले आणि नोकरीतून काढले. लाच सिद्ध होत नाही, 'उसनवारी' सिद्ध होते! आईवडिलांच्या घरी बसलेल्या क्रॉफर्डला हे उसने पैसे कोणी दिले असते?

याच प्रकरणात ज्या मामलेदारांनी अभयाच्या वचनावर साक्ष दिली, त्यांच्यावरच पुढे संकट आले आणि लोकमान्य टिळकांना त्यांच्या बाजूने उभे राहावे लागले. तक्रार करणाऱ्याला संरक्षण नसेल तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल?

पुण्याच्याच नगरपालिकेतला आणखी एक दाखला. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे तिथे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेच्या तिजोरीतून खर्च करण्याचा ठराव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणत फुल्यांनी एकट्याने विरोध केला. बाकी सगळे सभासद ठरावाच्या बाजूने गेले. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या पाहुण्याच्या स्वागताला विरोध करतो, ही हिंमत फुल्यांची. पण त्या सभागृहात दुसरा एकही हात त्यांच्या बाजूने वर आला नाही, हेही विसरता येत नाही. सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांवर नजर ठेवावी, या व्यवस्थेची मर्यादा त्यात दिसते.

जिथून कायदा आला, तिथे काय झाले?

आपला महापालिका कायदा ज्या इंग्लंडच्या वळणावर बेतला, तिथे पुढे काय घडले हे पाहणे उपयोगाचे आहे. तिथेही बराच काळ समज हाच होता, की ठेक्यात हिस्सा नसला म्हणजे झाले. बाकी सभ्य माणसे सभ्य वागतील. १९७०च्या दशकात हा समज फुटला. जॉन पोल्सन नावाचा वास्तुविशारद दिवाळखोर निघाला आणि त्याच्या वह्यांतून बाहेर आले, की इमारतींची कामे मिळवण्यासाठी त्याने ठिकठिकाणच्या नगरसेवकांना आणि अधिकाऱ्यांना पैसे, भेटी, सहली पुरवल्या होत्या. न्यूकॅसल शहराचा माजी नेता टी. डॅन स्मिथ याने १९७४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर १९७५ साली नगरसेवकांसाठी राष्ट्रीय आचारसंहिता निघाली.

१९९५ साली नोलन समितीने सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे मांडली. निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. वाचताना वाटते, यात नवीन काय? पण तत्त्वांच्या मागे यंत्रणा उभी राहिली, हे नवीन होते. २०००च्या कायद्याने 'स्टँडर्ड्स बोर्ड फॉर इंग्लंड' हे स्वतंत्र मंडळ आले. नगरसेवकाच्या वागण्याची तक्रार कोणीही तिथे करू शकत होते. दोषी ठरल्यास निलंबन किंवा काही वर्षांची अपात्रताही होऊ शकत होती.

काठी मजबूत होती. पण क्षुल्लक तक्रारींचा पाऊस पडला. राजकीय विरोधक एकमेकांवर कागद फेकू लागले. २००८ पासून तक्रारींची पहिली छाननी स्थानिक समित्यांकडे द्यावी लागली. त्याआधी २००६ साली लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांच्या प्रकरणाने वादळ उठले होते. एका ज्यू पत्रकाराला त्यांनी छळछावणीच्या पहारेकऱ्याची उपमा दिली होती. निवाडा मंडळाने त्यांना चार आठवडे निलंबित केले. उद्गार वाईट होते, यात वाद नाही. पण लाखो लोकांनी निवडलेल्या महापौराला नेमलेल्या तिघांनी घरी बसवावे का, असा प्रश्न उभा राहिला. पुढे उच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केले.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. २०११च्या 'लोकॅलिझम' कायद्याने हे मंडळच गुंडाळले आणि २०१२ मध्ये ते बंद झाले. आता तिथल्या नगरसेवकाला निवडून आल्यापासून २८ दिवसांत आपले आणि आपल्या जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात. नोकरी, जमीन, कौन्सिलबरोबरचे करार, शेअर्स हे सगळे त्यात येते. ही नोंदवही लोकांना पाहता येते. ज्या विषयात आपला स्वार्थ आहे, त्यावर बोलायचे नाही, मत द्यायचे नाही. जाणूनबुजून लपवले तर तो फौजदारी गुन्हा आहे. पण बाकी गैरवर्तनासाठी, म्हणजे दादागिरी, शिवीगाळ, कर्मचाऱ्यांचा छळ यासाठी, निलंबनाचा अधिकारच राहिला नाही. निंदेचा ठराव करा, माफी मागायला सांगा, समितीतून काढा, एवढेच. २०१९ साली तिथल्या सार्वजनिक जीवनातील आचारसंहिता समितीने सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार परत द्यावा, अशी शिफारस केली. २०२२ मध्ये सरकारने ती नाकारली. २०२४च्या डिसेंबरात नव्या सरकारने त्याच प्रश्नावर पुन्हा लोकांची मते मागवली.

थोडक्यात, तिथे वही चांगली आहे, काठी मोडली आहे.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे उलटे आहे. काठ्या पुष्कळ आहेत. महापालिका कायदा आणि १९६५चा नगरपरिषद कायदा चाळा. ठेक्यात हिस्सा असेल तर अपात्र. बेकायदा बांधकाम केले तर अपात्र. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर अपात्र. कर्तव्यात गैरवर्तन किंवा लाजिरवाणी वागणूक असेल तर राज्य सरकार पदावरून काढू शकते.

यांतल्या तिसऱ्या अपत्याच्या अटीबद्दल मोहल्ल्यात खूप बोलले जाते, कारण तिचा फटका लगेच दिसतो. जन्माचा दाखला काढला की काम झाले. एखाद्याच्या घरात किती पाळणे हलले, हे मोजायला आपली व्यवस्था तरबेज आहे. त्याच्या मेव्हण्याच्या नावावर किती ठेके हलले, हे मोजायची वेळ आली की तिचा कागद हरवतो. उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, ही मोठीच गोष्ट आहे. पण ते निवडणुकीच्या वेळचे छायाचित्र. त्यानंतरच्या पाच वर्षांत कोणती भेट आली, कोणता प्लॉट घेतला, कोणत्या ठेकेदाराशी भागीदारी झाली, हे त्या छायाचित्रात कुठून दिसणार?

दुसरी अडचण काठी धरणाऱ्या हाताची. गैरवर्तनासाठी नगरसेवकाला काढायचे तर सभागृहाने शिफारस करायची किंवा राज्य सरकारने स्वतःहून पाऊल उचलायचे. सभागृहात त्याचेच मित्र आणि शत्रू बसलेले. सरकारमध्ये कुठल्या तरी पक्षाचा मंत्री. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांना असेच पदावरून दूर केले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २०१२ मध्ये न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. निवडून आलेल्या माणसाला काढणे ही गंभीर गोष्ट आहे, ती नियम काटेकोर पाळून आणि कारणे देऊनच करावी लागते, असा त्या निकालाचा रोख होता. कूफ्याच्या प्रकरणात साद यांना जे मिळाले, म्हणजे समोर बोलावून विचारणे आणि उघड चौकशी, तेच न्यायालयाला हवे होते.

मधला रस्ता नाही का? आहे. केरळने २००० सालापासून स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र लोकपाल, म्हणजे ओम्बड्समन नेमला. सुरुवातीला सात जणांचे मंडळ होते, नंतर उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश असा एकच माणूस. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये अशाच व्यवस्थेची शिफारस केली. तेराव्या वित्त आयोगाने तर काही अनुदानासाठी ती अटच घातली. मंत्र्याच्या हातची काठी स्वतंत्र माणसाच्या हाती द्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, एवढी कटकट हवी कशाला, नगरसेवकच नसले तर? तेही आपण करून पाहिले आहे. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिका आणि नगरपरिषदा दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती होत्या. त्या काळात गटार तुंबले तर कोणाचे दार ठोठवायचे, हे वस्तीतल्या बायकांना विचारा. म्हणजे आपण फिरून १८६५च्या क्रॉफर्डपाशीच आलो होतो.

मोहल्ल्याची चुप्पी

आता थोडे आपल्यातले बोलू. मुस्लिम वस्त्यांत नगरसेवक हा बहुतेक वेळा सरकारचा एकमेव ओळखीचा चेहरा असतो. रेशनकार्ड, जन्मदाखला, पाण्याचा टँकर, रात्री पोलीस चौकीतून पोराला सोडवणे, कब्रस्तानची भिंत, सगळ्याला तोच. त्याचे उपकार मोठे असतात, हे नाकारून चालणार नाही. पण या उपकारांच्या ओझ्याखाली एक वाक्य तयार झाले आहे. "जाने दो भाई, अपना आदमी है." बाहेर बोललो तर कौमची बदनामी होईल. तो पडला तर दुसरा कोणी येईल आणि मग आपले कोण? ही भीती खोटी नाही. आपल्या माणसांवरच्या तक्रारी कधी कधी निवडून शोधल्या जातात, हेही आपण पाहतो.

पण या भीतीची किंमत कोण देतो? निकृष्ट रस्ता कौमच्या शत्रूच्या दारात बनत नाही, आपल्या दारात बनतो. शाळेच्या दुरुस्तीचा पैसा कमी पडतो तेव्हा छत आपल्या मुलांच्या डोक्यावर गळते. मी ज्या वर्गात शिकवतो, तिथे पावसाळ्यात दोन बाक सरकवावे लागतात. 'अपना आदमी' म्हणून त्याला सूट देताना आपण आपल्याच मुलांचा हक्क माफ करून टाकतो आणि तो माफ करायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

साद इब्न अबी वक्कास यांच्याहून 'आपला माणूस' कोण असणार? त्यांनाही विचारले गेले. विचारणे म्हणजे बदनामी नव्हे, हे त्याच प्रसंगाने दाखवले. उलट, विचारल्यामुळे त्यांचे नाव पुढे स्वच्छ राहिले. जो नगरसेवक सचोटीने वागतो, त्याच्यासाठी उघड वही हे संकट नाही, ढाल आहे. उद्या कोणी खोटा आरोप केला तर तो वही उघडून दाखवू शकेल.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मोहल्ल्याला करता येण्यासारखे थोडे तरी आहे. २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. वॉर्डातले काम कोणाला, किती रकमेला आणि कोणत्या अटींवर दिले, हे मागता येते. महापालिका कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली आहे, ती सभा भरवा म्हणून आग्रह धरता येतो. आणि उमेदवार मत मागायला दारात येईल तेव्हा एक कागद त्याच्यापुढे ठेवता येतो. निवडून आल्यावर दरवर्षी तुमचे आणि घरच्यांचे धंदे, जमिनी, ठेके आणि भेटी यांची यादी वॉर्डातल्या नोटीस बोर्डावर लावाल का? हो म्हणत असाल तर सही करा. जो सही करणार नाही, त्याला कारण विचारा. पक्ष कोणताही असो, जमात कोणतीही असो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीला म्हणालो, "बेटा, काल माझं उत्तर अर्धंच होतं. नगरसेवकाला ओरडायचं काम कायद्याचं आहे, पण कायदा हेडमास्तरसारखा ऑफिसात बसून असतो. त्याच्यापर्यंत कोणीतरी चालत जाऊन सांगावं लागतं."

ती जरा थांबली. मग तिने विचारले, "आणि सांगणाऱ्यालाच ओरडा बसला तर?"

मी तिला क्रॉफर्डच्या मामलेदारांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तास संपला तरी ती पुरी झाली नव्हती.